तोंडमिटे सरांचा दगड

आमच्या सरांना माणसाच्या तोंडाचा तिटकारा होता. चेहऱ्याचा नव्हे, तोंडाचा. समोरचा माणूस बोलायला लागला की ते त्याच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघत आणि बघता बघता एक पाऊल मागे सरत. मग बोट उचलून म्हणत, "तोंड मिट आधी. थुंकी उडून राहिली तुही." प्राचार्य असोत, कॉलेज तपासायला आलेली समिती असो, की पोरीला बघायला घरी आलेली पाहुणेमंडळी असोत, सगळ्यांना हाच मान. मस्टरवर त्यांचं आडनाव काय होतं ते मला आता आठवून सांगावं लागेल. अमरावतीच्या त्या कॉलेजात ते तोंडमिटे सर म्हणूनच जगले आणि त्याच नावाने निवृत्त झाले.

शिकवायचे सूक्ष्मजीवशास्त्र, पण शिकवणं त्यांच्या लेखी हमाली होती. त्यांचा खरा जीव उल्कापाषाणात. आकाशातून पडलेल्या दगडाच्या पोटात, पृथ्वीवर काहीच नव्हतं तेव्हाच्या एखाद्या जिवाणूची खूण सापडते का, हे ते आयुष्यभर शोधत होते. जिवंत जीव नव्हे. त्याचा ठसा, त्याचं कलेवर म्हणा हवं तर. "आपन सारे इथी भाडेकरू हाओत," ते म्हणायचे, "मूळ मालक कोन थे पाहून राहिलो मी." इतकी मोठी गोष्ट शोधणारा माणूस मनाने मोठा असेल असं मला नोकरीला लागताना वाटलं होतं. तसं काही नसतं. सरांचं मन सुपारीएवढं होतं, आणि तेवढंच टणक.

माणसाला त्याच्या नावाने हाक मारणं त्यांना ठाऊकच नव्हतं. मी चांदूर रेल्वेची, म्हणून मी 'चांदूर'. शिपाई 'बडनेरा'. प्राचार्य मुंबईकडचे, त्यांचं गाव सरांनी कधी विचारलं नाही, त्यामुळे त्यांना काहीच म्हणत नसत. मी एकदा चिडून म्हटलं, "सर, मला नाव आहे." त्यावर उत्तर मिळालं, "नाव बापानं ठेवलं असते, थे काईबी असू शकते. दगड असो का मानूस, आला कुठून हे मालूम पाह्यजे." सहायक म्हणून तिथे होते तोवर मी चांदूरच राहिले.

आमची प्रयोगशाळा म्हणजे सायकल स्टँडमागची एक खोली. तिला एक खिडकी होती आणि तीही सरांनी मेणाने बुजवून टाकली होती. आत काचेची एक पेटी होती, तिला दोन भोकं, भोकांना रबरी हातमोजे चिकटवलेले. दगड कायम पेटीत, हात मोज्यांत, आणि आमच्या तोंडांना धुऊन उकळलेलं फडकं. अवजारं निर्जंतुक करायला सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, टाकून दिलेला कुकर. शिट्टी झाली की बाहेरची पोरं विचारायची, "सर, वरण झालं का?" सर मला म्हणायचे, "दगडात जीव शोधनं सोपं हाय, चांदूर. आपला जीव त्यात न जाऊ देनं कठीन हाय." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी शेवटी ते सुरू झालं की मी मनातल्या मनात भाजीचा विचार करायची.

लोक दगड घेऊन यायचे. लोणारचं उल्केने पडलेलं विवर वऱ्हाडातच, त्यामुळे आपल्या वावरात निघालेला प्रत्येक काळा धोंडा आकाशातूनच आलाय अशी वऱ्हाडातल्या माणसाची पक्की समजूत. कुणी लोहाराच्या भट्टीतलं कीट आणी, कुणी जिनिंगमधल्या यंत्राचा तुटका गोळा, कुणी चक्क रेल्वे रुळांमधली खडी. सर बसायलासुद्धा सांगत नसत. उभ्या उभ्या दगड लोहचुंबकाजवळ नेत, एक कड घासून बघत आणि म्हणत, "हे कीट हाय. ने." एका निवृत्त अधिकाऱ्याने असला दगड देवघरात पूजेला लावला होता. त्याला सर म्हणाले, "तुमी पंधरा वर्सं रेल्वेची पूजा केली." तो गृहस्थ रडवेला झाला. मी त्याला चहा पाजला. सरांना त्याचं काहीच नव्हतं.

पण एक दगड खरा निघाला होता. मी लागायच्या आधीची गोष्ट. अकोल्याजवळच्या एका गावात पडला, सर बसने तिथे पोचले, तोवर गावकऱ्यांनी त्याला दुधादह्याने आंघोळ घातली होती, हळदकुंकू लावलं होतं, त्याच्यावर नारळ फोडला होता आणि तीर्थ घरोघर वाटलं होतं. सरांनी तो दगड हातात घेतला आणि वास घेतला. मग म्हणे देवळाच्या ओट्यावर बसून राहिले. पुजाऱ्याने त्यांच्याही हातावर तीर्थ दिलं. ते त्यांनी घेतलं की नाही याबद्दल दोन पाठ आहेत.

तेव्हापासून त्यांनी एक नवं खूळ काढलं. शाळाशाळांत जाऊन भाषणं. अमरावती, अकोला, मध्ये लागेल ते गाव. भाषण म्हणजे तीन वाक्यं: "वरतून दगड पडला तं कुंकू लावू नोका. नारळ फोडू नोका. पानी लावू नोका." पोरं टाळ्या वाजवत, मास्तर लोक हसत, आणि सर पुढच्या गावाला. 'कुंकू लावू नोका' हे आमच्या स्टाफरूममध्ये म्हणीसारखं झालं होतं. कुणी नवी गाडी घेतली की पहिलं हेच. मीही हसायची. एवढा विद्वान माणूस, आणि आयुष्याचा संदेश काय, तर कुंकू लावू नका.

घरी काकू. त्यांनी या माणसाशी संसार कसा केला हे एक वेगळंच संशोधन होईल. "लग्नात अंतरपाट होता म्हणून वाचलो," त्या मला एकदा म्हणाल्या, "नाहीतर मंगलाष्टकं म्हणणाऱ्या गुरुजींनाही तोंड मिटा म्हटलं असतं." मुलीचं एक स्थळ त्या वाक्यापायी मोडलंही. काकूंनी ते फार मनावर घेतलं नाही. जो मुलगा एवढ्यावर पळतो त्याने पुढे काय केलं असतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटलं.

निवृत्ती जवळ आली तशी सरांची चिडचिड वाढली. कारण साऱ्या कॉलेजला माहीत होतं. प्राचार्यांना सायकल स्टँडमागची खोली हवी होती, तिथे पोरांसाठी जिम काढायची होती. संशोधनात काही ठोस निघालं असतं तर खोली राहिली असती, सरांना मानद म्हणून येता आलं असतं, पेटी जागेवर राहिली असती. काही निघालं नाही तर सरांनी ज्याच्यासाठी सगळ्यांची तोंडं मिटवली, ते सगळंच भंगारात जाणार होतं. त्यांच्याकडे दुसरं काहीही नव्हतं. मित्र नव्हते, पत्त्यांचा अड्डा नव्हता, देवसुद्धा नव्हता.

अशात तेल्हाऱ्याचा दगड आला. सरांच्या बहिणीचा मुलगा तिथे शेती करतो. सरांच्या भाषेत तोही 'तेल्हारा'च. पहाटे मोठा आवाज झाला आणि गावाच्या शिवारात दगड पडले. मोठा तुकडा तहसीलदारांनी रीतसर नेला, पण नेण्याआधी गावाने त्याला आंघोळ घातली होतीच. मुठीएवढा एक तुकडा भाच्याच्या कपाशीत पडला होता. तो त्याने कुणाला दाखवला नाही आणि आठवड्याभराने सरकीच्या कापसात गुंडाळून मामाकडे घेऊन आला.

सरांनी दारातच उलटतपासणी घेतली. "पूजा केली?"

"नाई, मामा."

"आईनं हळद लावली?"

"हातसुदा लावू नाई देल्ला."

"पान्यानं धुतला?"

"थेंब नाई. तुमी सांगतलं होतं ना."

सरांनी भाच्याकडे पाहिलं. अख्ख्या वऱ्हाडात त्यांचं ऐकणारा एक माणूस निघाला होता, आणि तो घरातला होता. त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली. त्या खोलीत पाहुण्याला खुर्ची मिळालेली मी प्रथमच पाहिली.

दगड अस्सल होता. काळं जळकं कवच, आत राखाडी. जरा शेतासारखा वास होता, पण शेतातच पडला होता, तेव्हा शेताचाच वास येणार. वरचे जंतू मरावेत म्हणून बाहेरून जाळून घेतला, अर्धा कापला. उरलेला अर्धा सरांनी काचेच्या बरणीत घालून लाखेने बंद केला. "सारा दगड कापनारा मानूस मूर्ख असते," ते म्हणाले, "पुढं कोनापाशी चांगली सुरी येईन." मग पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली गेला, आणि कितीतरी वेळ सर मान वर करेनात.

"चांदूर," ते म्हणाले, "पाह्य."

मी पाहिलं. कापाच्या मधोमध मण्यांची साखळी होती. एकसारखे गोल, एकाला एक चिकटलेले, वर खनिजाचा पातळ थर. मी मान वर केली तर सर उघड्या कापावर वाकून बोलत होते. काहीतरी असंबद्ध, भराभर, फडकं गळ्यात लोंबतंय आणि तोंड चांगलं उघडं. ही संधी मी सोडणार नव्हते. म्हटलं, "सर, तोंड मिटा." त्यांनी मिटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्याची किळस आली नाही, याचंच नवल वाटलं.

काप मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत गेला. तिथून जास्त स्पष्ट फोटो आले, आणि 'आकार जैविक वाटतात, पुढे तपासण्याजोगे' असा सावध अभिप्राय. सावध माणसाचं बोलणं उतावळ्याच्या कानावर पडलं की त्याचं काय होतं ते आपण जाणतो. प्राचार्यांनी ते एका वर्तमानपत्रवाल्याला सांगितलं, त्याने 'वऱ्हाडाने शोधला परग्रहवासी' असं छापलं, आणि अकोल्याच्या एका विज्ञानप्रेमी मंडळाने सत्कार जाहीर केला. या मंडळाने तोवर विज्ञानावर जे प्रेम केलं होतं, ते शाली वाटण्यापलीकडे गेलेलं नव्हतं. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर सर, प्राचार्य, मंडळाचे अध्यक्ष आणि अध्यक्षांचा वाढदिवस असलेला मुलगा. दगड कुठेच नव्हता.

आणि सरांनी हे होऊ दिलं. याचा मला जास्त राग आला. ज्यांना एरवी दारात उभं केलं नसतं अशांचे फोन ते घेऊ लागले. नवा शर्ट शिवला. भाषणाची तालीम माझ्यासमोर केली. त्यात 'कृतज्ञता' हा शब्द होता. प्राचार्यांनी खोलीवर सरांच्या नावाची पाटी लावायचं कबूल केलं, तेव्हा सरांनी त्यांना गाव विचारलं.

पण एक काम राहिलं होतं. दगड जिथे पडला तिथली माती आणून ताडून बघायची, हा त्यांचाच नियम. दुसऱ्या कुणी तो मोडला असता तर सरांनी त्याला जन्मभर वाकुल्या दाखवल्या असत्या. सत्काराच्या आठवड्यात त्यांना तो आठवला. "चांदूर, चाल," म्हणाले, आणि आम्ही एसटीने अकोल्यावरून तेल्हाऱ्याला गेलो.

भाच्याने जागा दाखवली, आम्ही माती घेतली. कडुलिंबाखाली सरांच्या बहिणीने चहा आणला. जवळच निळा प्लास्टिकचा ड्रम होता, तोंडावर गोणपाट, आणि वास असा की चहा घशाखाली उतरेना. जीवामृत. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधाची मूठभर माती कालवून सडवतात आणि पिकाला देतात. एका थेंबात किती जिवाणू असतात ते मी शिकवायची.

सर सहज म्हणाले, "तेल्हारा, दगड मह्याकडे आनेपर्यंत कुठी ठेवला होता?"

भाचा खूश झाला. या प्रश्नाची तो वाटच बघत असावा. "मामा, बाया आरत्या घेऊन दारात उभ्या. घरात ठेवला असता तं आईनंच हळद लावली असती. मी म्हटलं, असी जागा पाह्यजे का जिथी कोनीच फिरकत नाई." त्याने ड्रमाकडे हात केला. "या गोनपाटावर ठेवला. वासानं कोनी जवळ येत नाई. वजनालेबी कामी आला."

सरांनी गोणपाटाचं एक टोक उचलून आत पाहिलं.

"एक-दोन डाव आत पडला," भाचा पुढे म्हणाला, "रातभर राहिला असन. पन मी धुतला नाई, मामा. तुमी म्हनलं होतं, पानी लावू नोका. तसाच उन्हात वाळवला."

मला हसू फुटलं ते मी पदरात दाबलं. पुढच्याच क्षणी हसू गेलं, कारण सरांनी चहाचा कप अगदी हळू खाली ठेवला होता. इतकं शहाणं, इतकं आज्ञाधारक काम त्या पोराने केलं होतं की ओरडायलाही जागा नव्हती. सरांनी फक्त एक स्वच्छ बाटली मागितली आणि ड्रममधलं थोडं भरून घेतलं. "कामाचं हाय," म्हणाले. भाच्याला वाटलं मामा घरच्या कुंड्यांसाठी नेताहेत. त्याने आणखी एक बाटली भरून दिली.

अमरावतीला येऊन थेंब काचेवर घेतला. तीच साखळी, तेच मणी. दगडाला केसाएवढी चीर होती, त्यातून सगळं आत मुरलं होतं आणि गोमूत्रातल्या क्षारांनी त्यावर थर चढवला होता. सर म्हणाले, "सारखंच हाय." मी म्हटलं, सर, अजून खात्री कुठे आहे, सत्कार होऊन जाऊ द्या, मग बघू. हे मी खोलीसाठी म्हटलं, त्यांच्यासाठी म्हटलं. प्राचार्यांनी तर सरळ सांगितलं, "कार्यक्रम होऊ द्या. विज्ञानात मतभेद असतातच." सरांनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. गाव परत कधी विचारलं नाही.

अकोल्याला सभागृह भरलं होतं. शाल आली, नारळ आला. पहिल्या रांगेत भाचा नव्या सदऱ्यात बसला होता. सरांनी माइकवर रुमाल टाकला. अध्यक्षांची थुंकी होती त्यावर.

"दगड आकाशातला हाय," ते म्हणाले. "त्यात मले सापडलेला जीव तेल्हाऱ्याचा हाय. माह्या भाच्याच्या गाईचा."

आधी कुणाला कळलं नाही. मग सरांनी ड्रम सांगितला, गोणपाट सांगितलं, काहीही लपवलं नाही. लोक हसायला लागले. मागच्या रांगेतून कुणी हंबरलं. भाच्याची मान खाली गेली, आणि तेव्हा सरांचा आवाज चढला.

"त्याले हसू नोका. या साऱ्या जिल्ह्यात यानं एकट्यानं माहं ऐकलं. काय करू नोको थे मी सांगत फिरलो. काय कर, थे सांगतलंच नाई. म्हनून चूक माही हाय. आता तोंडं मिटा."

तोंडं मिटली. ते खाली उतरले, हातातला नारळ भाच्याला दिला आणि म्हणाले, "हा तू फोड. तुले चालते." भाचा रडत होता. अध्यक्षांना शाल परत मागावी की नाही ते कळेना.

खोली गेली. आज तिथे आरशासमोर पोरं दंड फुगवतात. कुकर काकूंनी परत नेला, पेटी भंगारात गेली, लाख लावलेली बरणी सरांनी पिशवीत घालून घरी नेली. मला दुसऱ्या कॉलेजात नोकरी लागली. पुढे ती साथ आली आणि साऱ्या जगाने तोंडावर फडकं बांधलं, तेव्हा सरांचा फोन आला होता. "आता शिकले लेकाचे," म्हणाले आणि ठेवून दिला. इतका तृप्त आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

गेल्या वर्षी ते गेले. झोपेतच. तेरवीला मी गेले तर फार माणसं नव्हती. ज्यांची तोंडं मिटवली ती माणसं तेरवीला येत नाहीत. तेल्हारा मात्र आला होता आणि वाढायला तोच होता. मला माणसांची पारख आहे असं मी समजते, आणि त्या पारखीनुसार सर हा तुसडा, हेकट, सोबतीला नकोसा माणूस होता. पण आज माझ्याकडे कुणी दगड घेऊन आलं की मी पडला कधी ते विचारत नाही. आधी विचारते, घरी आणल्यावर कुठे ठेवला होता. आणि त्याला बसायला खुर्ची देते. तेवढी सुधारणा माझी.

पंगती उठल्यावर काकूंनी मला आत बोलावलं. देवघरासमोर ती बरणी होती. काकूंच्या हातात कुंकवाचा करंडा. "चांदूर," त्या म्हणाल्या, सरांच्याच सवयीने, "इतकी वर्सं हात लावू देल्ला नाही. आता त्यात तर काही नाही ना? मंग देवात ठेवते. लावू कुंकू?"

हो म्हणायला काय जात होतं. शेणाचा दगड, मेलेला माणूस, आणि या बाईने जन्मात मागितलेली एवढीशी गोष्ट. पण बरणीवरची लाख तशीच होती.

"नका, काकू," मी म्हटलं. "हा अर्धा अजून कुणी पाहिला नाही."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग हसल्या. बरणीवर वाकून हे बोलताना माझा पदर तोंडावर होता. त्यांनी करंड्याचं झाकण लावलं.